वृत्तपत्राची झडती आणि दिलेला शब्द

(शाळेच्या स्मृति-व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेले भाषण)



या सभागृहाच्या व्यासपीठावर मी प्रथम चढलो तो वक्तृत्वस्पर्धेत भाषण विसरण्यासाठी. आज लिहून आणलेले कागद हातात आहेत, त्यामुळे ती नामुष्की टळेल अशी आशा करतो. सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यास आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. सरांचे ऋण त्याहून जुने आहे, आणि प्रारंभ त्यापासूनच करतो.

सर शाळेचे भित्तिपत्रक चालवीत, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. दर पंधरवड्याला मुलांनी लिहून दिलेले लेख, कविता, कोडी ते ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर स्वतःच्या हाताने उतरवून काढीत. त्यांचे अक्षर टपोरे आणि बोरूच्या वळणाचे होते. आमची अक्षरे वाईट म्हणून ते हा खटाटोप करतात, असा आमचा समज होता आणि तो बऱ्याच अंशी खराही होता. एकदा त्यात पिण्याच्या पाण्याच्या टाकीविषयी चार ओळींचे टिपण आले. टाकी कित्येक महिन्यांत धुतलेली नाही, आत काय तरंगते ते ज्याला पाहायचे असेल त्याने वर चढून पाहावे, एवढाच त्याचा आशय. खाली नाव नव्हते. कार्यालयातून विचारणा झाली, हे कोणी लिहिले? सर म्हणाले, अक्षर माझे आहे. टाकी त्याच आठवड्यात धुतली गेली. टिपण लिहिणारा मुलगा कोण, हे मला आजही ठाऊक नाही. तो या क्षणी या सभागृहात बसलेला असला, तरी त्याने कृपा करून हात वर करू नये.

सरकारी यंत्रणा वृत्तपत्राच्या कचेरीची किंवा पत्रकाराच्या घराची झडती घेते, तेव्हा विश्वासाने माहिती देणाऱ्या माणसाला त्या वृत्तपत्राने दिलेल्या शब्दाचे काय होते, हा आजचा माझा विषय आहे. विषय कायद्याचा आहे खरा. परंतु मी वकील नव्हे. आयुष्याची पस्तीसएक वर्षे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत काढलेला मी एक मनुष्य आहे. तेव्हा कलमे कमी आणि माणसांच्या हकिकती अधिक, असेच हे व्याख्यान होणार. आणि त्या हकिकतींना आरंभ करण्यास बडोद्याइतके योग्य गाव दुसरे नाही.

१८९३ च्या फेब्रुवारीत विलायतेत शिकून परतलेले अरविंद घोष, ज्यांना पुढे जगाने श्रीअरविंद म्हणून ओळखले, ते सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू झाले. दांडिया बाजारातील खासेराव जाधवांच्या ज्या घरात त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते, त्यावरून आपण शाळेला येताजाता शेकडो वेळा गेलो आहोत. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ या मराठी-इंग्रजी पत्रात, काँग्रेसच्या अर्जविनंत्यांच्या राजकारणावर कोरडे ओढणारी एक इंग्रजी लेखमाला येऊ लागली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. लेखक होते अरविंदबाबू. लेखमाला मागवून छापणारे होते त्यांचे केंब्रिजचे स्नेही केशवराव देशपांडे, जे ‘इंदुप्रकाश’चा इंग्रजी विभाग पाहत आणि पुढे स्वतःही बडोद्याच्या नोकरीत आले. नाव न घालण्याचे कारण उघड दिसते. संस्थानच्या नोकरीतील मनुष्य असे लिहितो हे जाहीर झाले असते, तर अडचण त्याची तर झालीच असती, पण महाराजांचीही झाली असती. न्यायमूर्ती रानडे यांनी पत्राच्या मालकास सावध केले की हे असेच चालले तर राजद्रोहाचा खटला अंगावर येईल. मग लेखमालेची धार बोथट करण्यात आली आणि १८९४ साली ती थांबली. विश्वासाने लेखन सोपवणारा सरकारी नोकर आणि त्याचे नाव झाकणारा संपादक या जोडीचे हे आपल्या गावचे उदाहरण.

१९०६ साली अरविंदबाबू बडोदे सोडून कलकत्त्यास गेले आणि ‘वंदे मातरम्’ या इंग्रजी दैनिकात लिहू लागले. तेथेही अग्रलेखाखाली सही नसे. जुलै १९०७ च्या अखेरीस पोलिसांनी त्या पत्राच्या कचेरीची झडती घेतली आणि ऑगस्टमध्ये अरविंदबाबूंवर राजद्रोहाचा खटला भरला. लेख राजद्रोही आहेत हे ठरवून घेणे सरकारला फारसे जड नव्हते. जड होते ते संपादक कोण हे सिद्ध करणे. त्यासाठी बिपिनचंद्र पाल यांना साक्षीला बोलावण्यात आले. पत्र त्यांनीच सुरू केलेले. त्यांना सर्व ठाऊक. पालांनी न्यायालयात येऊन साक्ष देण्याचे नाकारले. हा खटला अन्यायाचा आहे, त्यात भाग घेणे माझ्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. २३ सप्टेंबर १९०७ रोजी मॅजिस्ट्रेट किंग्जफर्ड यांना अरविंदबाबूंना सोडून द्यावे लागले, कारण संपादक तेच होते याचा पुरावा उभा राहिला नाही. शिक्षा झाली ती मुद्रकाला. मुद्रक बिचारा नेहमीच सापडतो, कारण त्याचे नाव कायद्यानेच छापावे लागते.

पालांच्या या नकारावर क्षणभर थांबावे असे मला वाटते. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही त्यांना स्वच्छ दिसत होत्या. त्यांनी एक निवडली आणि तिची किंमत स्वतः मोजली. सरकारही त्या दिवशी कायद्याच्या चौकटीतच वागले. त्याने प्रश्न विचारला, उत्तर मिळाले नाही, म्हणून शिक्षा दिली. यात कोणाचा विश्वासघात झाला नाही.

आता पुढील वर्ष पाहू. किंग्जफर्ड यांना उद्देशून ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बॉम्ब फेकण्यात आला आणि त्यात केनेडी नावाच्या दोन निरपराध स्त्रिया, मायलेकी, प्राणास मुकल्या. २ मे रोजी पहाटे पोलीस अरविंदबाबूंच्या बिऱ्हाडी शिरले. हे बिऱ्हाड ग्रे स्ट्रीटवर ‘नवशक्ति’ या वृत्तपत्राच्या कचेरीतच होते. पाच-सहा तास झडती चालली. त्या सकाळची हकिकत त्यांनी पुढे ‘काराकहानी’ या बंगाली पुस्तकात लिहिली आहे. दक्षिणेश्वराची पवित्र माती एका लहानशा पुठ्ठ्याच्या पेटीत जपून ठेवलेली होती. ती एखादे स्फोटक द्रव्य तर नाही ना, या शंकेने गोरा अधिकारी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. हा प्रसंग आज वाचताना हसू येते. पण त्या झडतीत आणखी एक गोष्ट पोलिसांच्या हाती लागली, तिच्यात हसण्यासारखे काही नाही. अरविंदबाबूंनी आपल्या पत्नीस, मृणालिनीदेवींना, लिहिलेली खासगी पत्रे सापडली. त्यांतील एक ३० ऑगस्ट १९०५ चे, म्हणजे ते बडोद्यात असतानाचे. पतीने पत्नीपाशी मन मोकळे केलेले ते पत्र अलीपूरच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाले आणि भर न्यायालयात त्याची चिकित्सा झाली. १९०९ च्या मे महिन्यात अरविंदबाबू निर्दोष सुटले. पत्रे मात्र जगजाहीर झाली ती झालीच.

येथे कायद्यातील एक बारकावा सांगितल्यावाचून राहवत नाही. १८७२ च्या साक्ष कायद्यात पतिपत्नींमधील संभाषणाला संरक्षण होते. संसारात एकाने दुसऱ्यास जे सांगितले ते न्यायालयात उघड करण्यास त्या जोडीदाराला भाग पाडता येत नसे. २०२३ च्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे मृणालिनीदेवींना पिंजऱ्यात उभे केले असते, तर त्यांना गप्प राहता आले असते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्र पोलिसांना झडतीत सापडले, तर ते पुराव्यात घेण्यास ही बंदी आड येत नाही. बंदी आहे ती जोडीदाराच्या तोंडाला, कागदाला नाही.

माझे आजचे सारे म्हणणे या एका बारकाव्यात सामावलेले आहे. माणसाला विचारले, तर तो नाही म्हणू शकतो. कपाटाला नाही म्हणता येत नाही. बिपिनचंद्रांना समन्स आले म्हणून त्यांना नकाराचा अधिकार आणि तुरुंगाचा मार्ग, दोन्ही उपलब्ध झाले. तेच झडतीच्या मार्गाने साध्य झाले असते, तर त्यांचा नकार कोणी ऐकूनही घेतला नसता.

त्याच १९०८ सालची दुसरी झडती आपल्याला अधिक जवळची. मुझफ्फरपूरच्या प्रकारावर ‘केसरी’ने लिहिलेल्या अग्रलेखांबद्दल लोकमान्य टिळकांना २४ जून रोजी मुंबईत अटक झाली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्यांच्या पुण्याच्या गायकवाड वाड्याची आणि सिंहगडावरील बंगल्याची झडती घेतली. हा गायकवाड वाडा टिळकांनी आपल्या सयाजीराव महाराजांकडूनच विकत घेतलेला होता, हे बडोदेकरांनी विसरू नये. (२५ जून या तारखेचे वृत्तपत्रांशी काय वाकडे आहे कोण जाणे! १९७५ साली याच तारखेच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि दिल्लीतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली.) खटला होता छापलेल्या लेखांचा. लेख सर्वांनी वाचलेले होते, ते शोधण्यासाठी कोणाच्या टेबलाचे खण उपसण्याची गरज नव्हती. तरी झडती झाली आणि तीत एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांची नावे टिपलेली होती. टिळकांचे म्हणणे असे की सरकारने त्याच महिन्यात स्फोटक द्रव्यांसंबंधी नवा कायदा केला होता, त्यावर टीका लिहावयाची म्हणून ही पुस्तके पाहण्याचा त्यांचा विचार होता. ज्याने कधी अग्रलेख लिहिला आहे त्याला यात काही नवल वाटणार नाही. लिहिण्यापूर्वी संपादकाच्या टेबलावर अशा चिटोऱ्यांचा पसारा असतोच. परंतु सात युरोपीय आणि दोन पारशी ज्यूररांपुढे ते कार्ड गंभीरपणे मांडण्यात आले आणि आपल्या एका चिटोऱ्याचा खुलासा करीत बसण्याची वेळ टिळकांवर आली. २२ जुलै रोजी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. केवळ कार्डामुळे शिक्षा झाली असे मी म्हणत नाही. जे शोधायचे नव्हते ते झडतीत सापडते आणि मग त्याला अर्थ चिकटवला जातो, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा प्रश्न इंग्रजांच्या स्वतःच्या देशात त्यापूर्वी दीडशे वर्षे सुटलेला होता, ही यातील गंमत. १७६२ च्या नोव्हेंबरात जॉन एंटिक नावाच्या लेखकाच्या घरात राजाचे चार दूत शिरले. ‘मॉनिटर’ या सरकारविरोधी साप्ताहिकात तो लिहितो असा संशय होता. मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांच्या सहीचे वॉरंट त्यांच्यापाशी होते. चार तास त्यांनी कुलपे फोडली, पेट्या उघडल्या, कागद वाचले आणि गठ्ठे बांधून नेले. एंटिकने त्या दूतांवरच दावा लावला. १७६५ साली मुख्य न्यायाधीश लॉर्ड कॅम्डेन यांनी निकाल दिला की असे वॉरंट काढण्याचा अधिकार मंत्र्याला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही आणि राज्याच्या गरजेची सबब पुढे केल्याने तो निर्माण होत नाही. एंटिकला तीनशे पौंड नुकसानभरपाई मिळाली. सत्तेने नागरिकाच्या कागदांना हात लावण्यापूर्वी कायदा दाखवला पाहिजे, हे तत्त्व त्या दिवशी इंग्लंडात रुजले. समुद्र ओलांडून हिंदुस्थानात येताना मात्र ते वाटेत कोठेतरी उतरून गेले.

अमेरिकेने ते तत्त्व आपल्या राज्यघटनेतच घातले. तरी तेथेही वृत्तपत्रांचा प्रश्न मिटला नाही. एप्रिल १९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयातील निदर्शनांच्या वेळी पोलीस जखमी झाले. ‘स्टॅनफर्ड डेली’ या विद्यार्थ्यांच्या दैनिकाने प्रसंगाची छायाचित्रे छापली. हल्लेखोर ओळखता यावेत म्हणून पोलीस न छापलेली छायाचित्रे शोधण्यास वॉरंट घेऊन कचेरीत आले. दैनिकावर गुन्ह्याचा संशय नव्हता, आरोपही नव्हता. छायाचित्रांची खोली, कपाटे, टेबले, कचऱ्याच्या टोपल्या सारे तपासले गेले. हाती लागली ती आधीच छापून आलेली छायाचित्रे! दैनिकाने दाद मागितली. खालच्या दोन न्यायालयांत ते जिंकले. सर्वोच्च न्यायालयात १९७८ साली पाच विरुद्ध तीन मतांनी हरले. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती व्हाइट यांनी म्हटले की वॉरंट देणारा दंडाधिकारी पुरेशी काळजी घेत असेल, तर वृत्तपत्राला निराळी वागणूक देण्याचे कारण नाही. न्यायमूर्ती स्टुअर्ट यांनी विरोधी मत नोंदवले. समन्स काढले असते, तर दैनिकाला न्यायालयासमोर आपली बाजू आधी मांडता आली असती. झडतीत ती संधीच मिळत नाही आणि गुप्तपणे माहिती देणारे लोक पुढे येईनासे होतात, असे त्यांचे म्हणणे. हरलेल्या बाजूचे हे म्हणणे दोन वर्षांनी कायदेमंडळाला पटले. वृत्तपत्राकडील सामग्री हवी असेल तर सामान्यतः समन्सच काढावे, झडती अपवाद म्हणून, असा कायदा १९८० साली झाला. कायदा झाला म्हणजे सर्व पोलिसांनी तो वाचला असे मात्र नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅन्सस राज्यातील मॅरियन या लहानशा गावी पोलिसांनी तेथील साप्ताहिकाच्या कचेरीवर आणि प्रकाशकाच्या घरावर छापा घातला, संगणक व फोन उचलून नेले. त्या घरात प्रकाशकाची अठ्ठ्याण्णव वर्षांची आई, त्या पत्राची सहमालक, राहत असे. दुसऱ्या दिवशी ती मृत्यू पावली. काही दिवसांत सरकारी वकिलाने वॉरंट मागे घेतले.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हाच विचार २००३ साली लक्झेंबर्गच्या एका प्रकरणात मांडला. सूत्र सांगा, असा पत्रकाराला हुकूम करण्यापेक्षा झडती अधिक कठोर आहे, मग तीत काही सापडो अथवा न सापडो, कारण झडती घेणाऱ्याला पत्रकाराजवळचा प्रत्येक कागद पाहण्याची मुभा मिळते.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर सर मला बाकावर उभे करतील. वृत्तपत्रे काही सोवळ्यात ठेवण्याची वस्तू नव्हेत, आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक कागद सत्याचा असतो असेही नाही. १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात काय झाले? कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्या नावाने लिहिलेली मानली गेलेली पत्रे खरी समजून टिळक आणि आगरकर यांनी त्यांच्यावर टीका केली. पत्रे बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी शिक्षा झाली आणि एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. इतकी शुद्ध चारित्र्याची माणसे फसली, तेथे आमच्यासारख्यांची काय कथा! वृत्तपत्राचा आडोसा घेऊन कोणी दुसऱ्याच्या अब्रूवर नेम धरत असेल, किंवा कोणाच्या जिवावर बेतण्यासारखी माहिती खणात पडून असेल, तर केवळ पत्रकार म्हणून आम्हाला सूट का मिळावी, हा प्रश्न रास्त आहे. आम्हाला सूट नको. हवा आहे तो क्रम. आधी नेमका कागद मागावा, आम्ही नाकारला तर न्यायाधीशापुढे आमचे ऐकून घ्यावे, आणि न्यायाधीशाने दे म्हटल्यावरही जो देणार नाही त्याने बिपिनचंद्रांच्या वाटेने जावे. माझ्या मते हा सौदा दोन्ही पक्षांना न्याय्य आहे.

आपल्या देशात काय स्थिती आहे? १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात असे आहे की कौन्सिल कोणत्याही वृत्तपत्राला किंवा पत्रकाराला बातमीचे सूत्र उघड करण्यास भाग पाडणार नाही. हे संरक्षण त्या कौन्सिलच्या कामकाजापुरतेच. बाहेरच्या रस्त्यावर ते लागू नाही. १९८३ साली विधि आयोगाने आपल्या त्र्याण्णवाव्या अहवालात सुचवले की साक्ष कायद्यात नवे कलम घालून सूत्र गुप्त ठेवण्याच्या हक्काला मान्यता द्यावी आणि अपवाद ठरविण्याचे काम न्यायालयाकडे सोपवावे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ते कलम आलेले नाही. वकील आणि अशील यांना संरक्षण आहे, पतिपत्नींना आहे. वार्ताहर आणि त्याच्या भरवशावर बोलणारा मनुष्य यांना नाही. झडतीचे कायदे मात्र भरपूर. फौजदारी संहितेखाली पोलिसांची झडती, तिच्याखेरीज करखात्याची, महसूल खात्याची. १ सप्टेंबर १९८७ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या देशभरातील कचेऱ्यांवर महसूल अधिकाऱ्यांचे छापे पडले, जुलै २०२१ मध्ये ‘दैनिक भास्कर’वर आयकर खात्याचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बीबीसीच्या दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांत करखात्याचे ‘सर्वेक्षण’ तीन दिवस चालले. हिशेब तपासण्याचा अधिकार सरकारला आहेच. परंतु हिशेबाच्या वह्या आणि वार्ताहराच्या वह्या एकाच इमारतीत असतात, ही अडचण कोणत्याच नियमाने लक्षात घेतलेली दिसत नाही.

आणि आता वह्या तरी कोठे राहिल्या? टिळकांच्या वाड्यात सापडले ते एक कार्ड. आजच्या वार्ताहराच्या फोनमध्ये दहा वर्षांचे सर्व संभाषण, प्रत्येक ओळखीच्या माणसाचा क्रमांक, तो कोणत्या दिवशी कोठे होता याची नोंद, शिवाय घरातील आजारपणे आणि भांडणे, सर्व एकत्र असते. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी दिल्ली पोलिसांनी ‘न्यूजक्लिक’ या वृत्तसंकेतस्थळाशी संबंध असलेल्या अनेक पत्रकारांच्या घरी झडत्या घेऊन फोन आणि लॅपटॉप ताब्यात घेतले. संस्थापक प्रबीर पुरकायस्थ यांना अटक झाली. अटकेची कारणे लेखी दिली नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ रोजी ती अवैध ठरवली. मूळ आरोपांविषयी मी काही बोलत नाही; तो न्यायालयाचा विषय. मी बोलतो आहे त्या फोनांविषयी. ज्यांचे फोन गेले त्यांतील अनेकांवर कोणताच आरोप नव्हता. मग त्या फोनांत ज्यांची नावे होती त्यांच्याविषयी काय बोलावे? त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या खंडपीठाने केंद्र सरकारला बजावले की पत्रकारांच्या उपकरणांत त्यांची सूत्रे असतात, तेव्हा अशा जप्तीसाठी मार्गदर्शक नियम हवेत. डिसेंबरमध्ये सरकारने सांगितले की तूर्त केंद्रीय यंत्रणा सीबीआयच्या नियमपुस्तिकेप्रमाणे चालतील. नव्या फौजदारी संहितेत झडतीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. खण नीट रिकामा केला गेला, याचा उत्तम पुरावा त्यातून मिळेल. खण रिकामा करावा की नाही, हा प्रश्न कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

सूत्र सांभाळणे म्हणजे काय, याचे आपल्याकडील मोठे उदाहरण बोफोर्सचे. चित्रा सुब्रमण्यम यांना साडेतीनशेहून अधिक कागदपत्रे मिळाली, ती कोठून मिळाली हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. स्वीडनचे पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी २०१२ साली आपण होऊन सांगितले की तो मनुष्य मीच. मध्ये पंचवीस वर्षे गेली होती. आपल्या हयातीत आपले गुपित आपल्याच तोंडून सांगण्याची संधी त्यांना मिळाली, कारण ते दुसऱ्या कोणी आधी सांगितले नव्हते.

मला एका माणसाला ती संधी देता आली नाही. ही गोष्ट मी आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही. त्याचे नाव किंवा गाव मी आजही सांगणार नाही.

मी तेव्हा पंचविशीत होतो आणि एका जिल्ह्याच्या गावी वार्ताहर होतो. स्वस्त धान्याच्या पोत्यांत वजन कमी भरते, अशी बातमी मी दिली. ती मला सांगितली गोदामावरच्या एका हमालाने. त्याला लिहिता येत नव्हते, त्यामुळे त्याचा कोठे कागद नव्हता. आठ दिवसांनी माझ्या खोलीवर झडती आली. पंच म्हणून समोरचा पानवाला आणि शेजारचा शिंपी यांना बोलावून आणले. अधिकारी सभ्य होता. त्याने विचारले, बातमी कोणी दिली? मी म्हटले, सांगणार नाही. त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे कबूल करतो. अधिकाऱ्याने वादही घातला नाही. त्याने टेबलाचा खण उघडला, आतले सर्व कागद मोजले, यादी केली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि गठ्ठा घेऊन गेला.

त्या गठ्ठ्यात एका निराळ्याच खात्यातील कारकुनाचे दोन पानी पत्र होते. कालव्याच्या दुरुस्तीची बिले कशी निघतात ते त्याने लिहून पाठवले होते. सही नव्हती. त्या माहितीवर मी अजून काही लिहिलेही नव्हते. खात्री करून घ्यायची राहिली होती आणि खरे सांगायचे तर आळसही होता. पत्र हातोहात त्याच्या खात्यात गेले. तेथे त्याचे अक्षर वीस वर्षे सर्वांच्या ओळखीचे होते, कारण कचेरीतले सर्व मसुदे तोच लिहीत असे. महिन्याभरात त्याची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झाली. घरी म्हातारी आई होती, शाळेत जाणाऱ्या दोन मुली होत्या. त्यामुळे कुटुंब मागे राहिले आणि तो तिकडे एकटा गेला. धान्याचा हमाल कोणालाही सापडला नाही. पुष्कळ वर्षे तो मला बाजारात भेटे आणि हसून रामराम करी.

कारकून एकदाच भेटला, बसस्थानकावर. सणासाठी घरी निघाला होता. हातात पिशवी होती, तिच्यातून फटाक्यांचा पुडा डोकावत होता. त्याने माझ्या प्रकृतीची चौकशी केली, माझ्या नोकरीची केली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. गाडी लागली तेव्हा जाताजाता तो म्हणाला, “अहो, वाचून झाल्यावर ते पत्र फाडून टाकायचे होते तुम्ही.” आवाजात राग नव्हता. एखाद्या लहान भावाला समजावून सांगावे तसे तो म्हणाला.

त्या संध्याकाळपासून मी आलेला प्रत्येक कागद स्वतःच्या अक्षरात उतरवून घेऊ लागलो आणि मूळ कागद चुलीत घालू लागलो. एकदा असेच उतरवीत बसलो असता आपल्या शाळेचे भित्तिपत्रक डोळ्यांपुढे आले, ते टपोरे अक्षर आले, आणि सर प्रत्येक मुलाचा लेख स्वतःच्या हाताने का लिहून काढीत असत, हे मला शाळा सुटल्यावर बारा वर्षांनी समजले. त्यांना ते सांगण्याचे राहून गेले, म्हणून आज येथे सांगितले.